फिरत्या घराची लांबी : पत्रकातील आणि जमिनीवरील

प्रवासाचे वाहन आणि मुक्कामाची खोली या दोन्ही गोष्टी एकाच चाकांवर आणणारी कॅराव्हॅन, म्हणजेच फिरते घर, आता महाराष्ट्राला परकी राहिलेली नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. त्याच वर्षी केरळ राज्यानेही ‘केरॅव्हॅन केरळ’ या नावाने असाच उपक्रम हाती घेतला. झोपण्याची जागा, छोटेसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह बरोबर घेऊन चालणारी ही वाहने, जेथे निवासाची पुरेशी सोय नाही अशा ठिकाणीही पर्यटकांचा मुक्काम घडवू शकतात, हा अशा धोरणांमागील विचार आहे.

हिंगोली जिल्ह्याला हा विचार विशेष लागू पडतो. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या पाच तालुक्यांच्या जिल्ह्यात औंढा नागनाथ येथील ज्योतिर्लिंग आहे, संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून भाविक ज्या गावी जातात ते नरसी आहे, सिद्धेश्वर आणि इसापूर यांसारखी धरणे आहेत. ही स्थळे पाहण्यास येणारी माणसे पुष्कळ. परंतु त्यांतील बहुतेक ठिकाणे लहान गावे आहेत. तेथे मोठ्या वाहनांसाठी जागा राखून ठेवण्याचा प्रश्न पुढे आला, की तो सोडविण्याचे काम साहजिकच ग्रामपंचायत, नगरपंचायत आणि तालुक्याचे अधिकारी यांच्याकडे येते. अशा वेळी त्यांच्या हाती बहुधा एकच आधार असतो. तो म्हणजे वाहनाच्या माहितीपत्रकात छापलेला लांबीचा आकडा. हा आकडा पुष्कळदा खोटा नसतो. तरीही जमिनीवर उभ्या राहिलेल्या गाडीची लांबी त्याहून निराळी भरते. असे का होते आणि त्यावर उपाय कोणता, हे समजून घेणे केवळ गाडी घेणाऱ्यालाच नव्हे, तर गाडीसाठी जागा आखणाऱ्यालाही आवश्यक आहे.

मोजमाप एक झाले, टोके मात्र अनेक राहिली

पूर्वीच्या काळी लांबीचे वाद हे परिमाणाचे वाद होते. हात कोणाचा धरायचा, वीत किती मोठी, कोस किती पावलांचा, याला सर्वत्र एकच उत्तर नव्हते. एका परगण्याचा कोस दुसऱ्या परगण्यात चालत नसे. ही अडचण दशमान पद्धतीने दूर केली. भारतात वजने व मापे यांचे प्रमाणीकरण करणारा कायदा १९५६ मध्ये झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मीटर व किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने सर्व व्यवहारात आले. मीटरची व्याख्याही अधिकाधिक काटेकोर होत गेली. १८८९ पासून मीटर म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमच्या एका प्रमाणित दांड्यावरील दोन खुणांमधील अंतर होते. १९६० मध्ये ती व्याख्या बदलली आणि १९८३ पासून प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो, तेवढे अंतर म्हणजे एक मीटर असे ठरले.

मीटर किती लांब याविषयी आता जगात मतभेद नाही. मतभेद उरला तो निराळ्याच प्रश्नावर : मीटर लावायचा कोठून आणि कोठपर्यंत? याचे एक उदाहरण हिंगोलीकरांच्या चांगल्या परिचयाचे आहे. पूर्णा-अकोला हा लोहमार्ग या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद होईपर्यंत ‘मीटर गेज’ होता. या नावातील मीटर म्हणजे दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर. रुळांची जाडी त्यात धरलेली नाही आणि डबा तर त्या मीटरच्या दोन्ही बाजूंना कितीतरी बाहेर आलेला असे. त्या एका आकड्यावरून कोणी फलाटाची आखणी केली असती, तर डबा फलाटावर आदळला असता. आकडा अचूक होता. तो कशाचा आहे, हे जाणून घेणे महत्त्वाचे होते. कॅराव्हॅनच्या लांबीबाबत नेमके हेच घडते.

नावातील आकडे आणि त्यांचे अर्थ

वाहनांच्या नावांत आकडे असतात आणि ते वाहनाच्या आकाराचे असावेत असा समज सहज होतो. आपल्याकडे कॅराव्हॅन बांधण्यासाठी बहुधा लहान बसगाड्यांचा उपयोग करतात. पुण्याच्या फोर्स मोटर्स या कारखान्याची ट्रॅव्हलर ही त्यांतील सर्वपरिचित गाडी होय. यात्रेकरूंना घेऊन औंढ्याला येणाऱ्या गाड्यांमध्येही ती नेहमी दिसते. तिच्या निरनिराळ्या नमुन्यांना ३३५०, ३७००, ४०२० असे क्रमांक आहेत. हे क्रमांक मिलिमीटरमधील अंतर दाखवितात. मात्र ते अंतर पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे आहे, गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंतचे नव्हे. पुढच्या चाकांच्या पुढे आणि मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग असतो. ३३५० हा आकडा पाहून गाडी साडेतीन मीटरांच्या आत बसेल असे जो धरून चालेल, त्याची जागा निश्चितच अपुरी पडेल. कारखान्याने यात काही लपविलेले नसते. आसांमधील अंतर हे अभियंत्याच्या उपयोगाचे माप आहे. जागा आखणाऱ्याला लागणारे माप वेगळे आहे.

परदेशात फिरत्या घरांचा व्यवहार जुना आहे आणि तेथे हा गोंधळही जुना आहे. ब्रिटनमध्ये मोटारीमागे ओढून नेण्याच्या कॅराव्हॅनच्या पत्रकात आतील खोलीची लांबी, बाहेरील सांगाड्याची लांबी आणि मोटारीला जोडण्याच्या पुढच्या त्रिकोणी दांड्यासह एकूण लांबी, अशी तीन निरनिराळी मापे आढळतात. पहिल्या आणि तिसऱ्या मापात मीटरभराहून अधिक फरक पडतो. अमेरिकेत नमुन्याच्या क्रमांकातील आकडा फुटांशी संबंधित असल्याचे ग्राहक गृहीत धरतात. परंतु तो आकडा कधी आतील फरशीचा, कधी सांगाड्याचा, तर कधी केवळ विक्रीच्या सोयीचा असतो. म्हणून तेथील जाणते ग्राहक जाहिरातीतील लांबीवर न थांबता स्वतः फीत लावून पाहतात. बोटीतून गाडी नेताना भाडे लांबीवर आकारले जात असेल, तर मागे अडकविलेल्या सायकलीही त्या लांबीत येतात, हा अनुभव त्यांना असतो.

कायद्यातील लांबी म्हणजे काय?

एकूण लांबी म्हणजे काय, हे भारतात कायद्याने ठरविलेले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९३ वा नियम वाहनांच्या आकारमानाविषयी आहे. वाहनाच्या पुढील व मागील अगदी टोकाच्या बिंदूंमधून जाणाऱ्या दोन समांतर प्रतलांमधील अंतर म्हणजे एकूण लांबी, असे तेथे सांगितले आहे. येथवर सर्व स्पष्ट आहे. परंतु त्यापुढे या लांबीत काय धरावयाचे नाही याची यादी येते. तीत इंजिन सुरू करण्याचे हँडल, मिटलेले छत, आग लागली असता सुटकेसाठी लावलेली शिडी, ३० सेंटिमीटरांपेक्षा जास्त लांब नसलेली टपालपेटी, टपावर सामान चढविण्या-उतरविण्याची शिडी, मागचे व इशाऱ्याचे दिवे, क्रमांकाची पाटी, स्टेपनी व ती अडकविण्याची चौकट, आणि बंपर यांचा समावेश आहे. ओढण्याचा आकडा किंवा तत्सम जोडणी यांपैकी काही वस्तूंच्या पुढे जात नसेल, तर तीही सोडून दिली जाते.

ही यादी वाचताना तिचा उद्देश ध्यानात ठेवला पाहिजे. रस्त्यावर किती लांब गाडी चालू द्यावी, याची मर्यादा घालण्यासाठी हा नियम आहे. स्टेपनी मागे लावली म्हणून एखाद्या गाडीला परवानगी नाकारली जाऊ नये, हा त्यातील विचार योग्यच आहे. तथापि टपाची शिडी, मागे अडकविलेली स्टेपनी आणि भक्कम बंपर याच वस्तू कॅराव्हॅनला हमखास असतात. म्हणजे नियमाप्रमाणे अचूक नोंदविलेली लांबीसुद्धा गाडीने प्रत्यक्ष व्यापलेल्या जागेपेक्षा कमी असू शकते. रुंदीचेही तसेच आहे. नियमाने रुंदी मोजताना मागचे पाहण्याचे आरसे गणले जात नाहीत. परंतु दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात तेव्हा एकमेकींना प्रथम लागतात ते आरसेच.

याच नियमात आणखी एक उपयुक्त तरतूद आहे. ट्रॅक्टर वगळता इतर मोटार वाहनांचा मागच्या आसापलीकडे आलेला भाग आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून अधिक असू नये, असे बंधन आहे. आसांमध्ये चार मीटरांचे अंतर असेल, तर मागचा भाग २ मीटर ४० सेंटिमीटरांपर्यंत असू शकतो. गाडी वळते तेव्हा हा भाग वळणाच्या उलट बाजूस फेकला जातो. बैलगाडी वळविताना मागे लादलेली लांब वेळू शेजारच्या कुडाला लागू नयेत म्हणून गाडीवान जी काळजी घेतो, तीच येथे घ्यावी लागते. म्हणूनच लांबी बरोबर धरली तरी वळण्याची जागा स्वतंत्रपणे सोडावी लागते.

याशिवाय एक व्यावहारिक कारण आहे. कारखान्यातून येणारे वाहन आणि त्यावर उभारलेले घर ही बहुधा दोन वेगळ्या हातांची कामे असतात. वाहनाच्या मूळ नमुन्याची तपासणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या अधिकृत संस्थेत झालेली असते आणि पत्रकातील मापे त्या नमुन्याची असतात. पुढे बांधणी करणारा कारागीर मागे शिडी लावतो, सायकली अडकविण्याची चौकट जोडतो, टपावर वातानुकूलन यंत्र आणि सौर तावदाने बसवितो. यामुळे लांबीप्रमाणे उंचीही वाढते. गावाच्या वेशीवरील कमान आणि रस्त्यावरून गेलेल्या विजेच्या तारा यांना पत्रकातील उंची ठाऊक नसते.

दहा गुंठ्यांचा हिशेब

हे सेंटिमीटरांचे फरक किरकोळ वाटण्याचा संभव आहे. म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या ग्रामपंचायतीने देवस्थानाजवळ २० मीटर रुंद आणि ५० मीटर लांब असा भूखंड राखून ठेवला. त्याचे क्षेत्र १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे झाले. पत्रकाप्रमाणे गाडीची लांबी ७ मीटर. दोन्ही बाजूंना गाड्यांची एकेक रांग आणि मध्ये जाण्यायेण्याचा रस्ता, अशी आखणी केली. दोन रांगांचे १४ मीटर वजा जाता मध्ये ६ मीटरांचा रस्ता उरला. कागदावर आराखडा निर्दोष दिसतो.

आता प्रत्यक्ष गाडी पाहू. तिच्या मागे स्टेपनी व शिडी मिळून ३५ सेंटिमीटर, पुढे बंपरचे १५ सेंटिमीटर आणि मागे सायकलींच्या चौकटीचे आणखी ४० सेंटिमीटर, असे एकूण ९० सेंटिमीटर वाढले. गाडी ७ मीटर ९० सेंटिमीटर भरली. दोन्ही बाजूंचे मिळून १ मीटर ८० सेंटिमीटर मधल्या रस्त्यातून गेले आणि रस्ता ४ मीटर २० सेंटिमीटर उरला. एवढ्या जागेत आठ मीटरांची गाडी वळविता येत नाही. एक गाडी अडली की तिच्यामागच्या सर्व अडतात. महाशिवरात्रीच्या गर्दीत एखाद्या भाविकाला रुग्णवाहिकेची किंवा कोणत्याही कारणाने अग्निशामक बंबाची गरज लागली, तर ते वाहन आत येऊ शकत नाही. स्वयंपाकाचा गॅस बरोबर बाळगणाऱ्या वाहनांच्या तळावर हा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाय एकदा फरसबंदी, विजेचे खांब आणि पाण्याचे नळ बसले, की ती चूक दुरुस्त करण्याचा खर्च गावाच्याच निधीतून करावा लागतो.

रुंदीचा विचारही असाच केला पाहिजे. गाडी २ मीटर १० सेंटिमीटर रुंद असली, तरी दोन्ही आरसे, उघडणारे दार आणि बाजूला ओढून उभी करण्याची कनात यांना जागा लागते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ असे आपण म्हणतो. येथे अंथरूण घालणाराच आपण असल्याने, पाय किती लांब आहेत हे त्याने आधी पाहिले पाहिजे.

फूट आणि मीटर यांच्या रूपांतरातही लक्ष ठेवावे लागते. बांधकामावरील कारागीर अजूनही फुटांत बोलतात आणि पत्रके मीटरमध्ये किंवा मिलिमीटरमध्ये असतात. तीन फूट म्हणजे एक मीटर, हा ठोकताळा बोलण्यापुरता ठीक आहे. परंतु एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर. २४ फुटांची गाडी ठोकताळ्याने ८ मीटर ठरते, प्रत्यक्षात ती ७ मीटर ३२ सेंटिमीटर असते. उलट, कोणी ७ मीटरांचे २१ फूट धरून जागा आखली, तर ती जवळजवळ दोन फुटांनी कमी पडेल.

मोजावे कसे?

गाडी मोजण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. सपाट जमीन, पोलादी फीत, गवंड्याचा ओळंबा आणि खडू एवढे पुरे आहे. गाडी सपाट जागी उभी करून चाके सरळ ठेवावीत. पुढच्या बाजूने सर्वांत बाहेर आलेल्या बिंदूपासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी. मागेही तसेच करावे. तेथे शिडी, स्टेपनी, चौकट यांपैकी जे सर्वांत बाहेर असेल, त्यापासून ओळंबा सोडावा. दोन्ही खुणांमधून गाडीच्या लांबीला काटकोनात रेषा आखून त्या दोन रेषांमधील अंतर मोजावे. गाडीच्या अंगावरून फीत फिरवू नये. पत्र्याच्या बाकामुळे माप चुकते. कापडी फीत ताणली जाते, म्हणून ती टाळावी. देवघेवीच्या व्यवहारात वापरावयाची फीत वैधमापन यंत्रणेने पडताळून मुद्रांकित केलेली असावी. उन्हाने पोलादी फीत वाढते हे खरे. पण तापमानातील २० अंशांच्या फरकाने सात मीटरांत पडणारा फरक दीड-दोन मिलिमीटरांचाच असतो. चूक होते ती फितीमुळे क्वचितच, टोक चुकीचे धरल्यामुळेच अधिक.

याप्रमाणे प्रत्येक गाडीची चार मापे स्वतंत्रपणे लिहून ठेवावीत : कायद्याप्रमाणे नोंदविलेली लांबी, सर्व जोडण्यांसह प्रत्यक्ष लांबी, आरशांसह रुंदी आणि टपावरील यंत्रांसह उंची. तळाची आखणी करताना यांतील शेवटची तीन मापे धरावीत. गाडीभोवती दार उघडण्यास व माणूस फिरण्यास लागणारी जागा त्यात मिळवावी, आणि आखणी कायम करण्यापूर्वी चुन्याच्या रेषा मारून एक गाडी प्रत्यक्ष आत आणून, वळवून बाहेर काढून पाहावी. या एका चाचणीने जे कळते ते कागदावरील आराखड्यातून कळत नाही.

खरेदी आणि करार

एखादी संस्था, बचत गट किंवा तरुण उद्योजक अशी गाडी घेणार असेल, तर मागणीपत्रात केवळ ‘सात मीटर लांबीची गाडी’ असे लिहू नये. ‘बंपर, शिडी, स्टेपनी व इतर सर्व जोडण्यांसह, पुढील टोकापासून मागील टोकापर्यंत’ असे शब्द त्यात असावेत आणि गाडी ताब्यात घेताना उभयतांच्या समक्ष माप घ्यावे. पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले ‘मापे अंदाजे आहेत’ हे वाक्य वाचण्याची सवय ठेवावी. वस्तूविषयी चुकीचे चित्र उभे करणारी जाहिरात ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते आणि ग्राहकाला त्याविरुद्ध दाद मागता येते. परंतु लांबीची व्याख्या करारात लिहिलेली असेल, तर बहुतेक वाद तेथवर जाणारच नाहीत.

जुन्या गाडीचे स्थानिक कार्यशाळेत फिरत्या घरात रूपांतर करण्याचा विचार असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल वाहनात मनाप्रमाणे करता येत नाही. हिंगोली जिल्ह्याची वाहने एमएच-३८ या संकेतांकाखाली नोंदविणाऱ्या परिवहन कार्यालयाचा सल्ला त्यासाठी आधीच घ्यावा.

आरशापासून आरशापर्यंत

लांबीच्या या चर्चेत हिंगोली जिल्ह्याचे स्थान आणखी एका कारणाने लक्षणीय आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या वेधशाळेसाठी औंढा नागनाथ परिसराची निवड झाली असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकल्पाला मान्यता दिली. एकमेकींशी काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजा हे अशा वेधशाळेचे मुख्य अंग होय. दूरच्या अवकाशातील प्रचंड घडामोडींमुळे या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म फरक पडतो आणि तो टिपावयाचा असतो. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा असा फरक टिपला. त्यांच्या भुजाही बोलण्यात चार किलोमीटरांच्याच म्हटल्या जातात. परंतु शास्त्रज्ञांच्या नोंदीतील लांबी सुमारे ३,९९५ मीटर आहे, कारण ती एका आरशापासून दुसऱ्या आरशापर्यंतची आहे. नळी कोठे संपते आणि इमारत कोठे सुरू होते, याचा त्या मापाशी संबंध नाही. इतक्या सूक्ष्म मोजणीची सुरुवातही दोन टोके निश्चित करण्यापासूनच होते.

गावाच्या गाडीतळासाठी एवढ्या सूक्ष्मतेची अर्थातच गरज नाही. तेथे पाच-दहा सेंटिमीटर इकडे-तिकडे झाले तरी चालते. मात्र मोजणीपूर्वी विचारावयाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे : ही लांबी कोठून कोठपर्यंतची? शाळेत मापन शिकविणाऱ्या शिक्षकांनी शाळेसमोर उभ्या असलेल्या एखाद्या बसची लांबी विद्यार्थ्यांकडून तीन तऱ्हांनी मोजून घ्यावी. आसापासून आसापर्यंत, पत्र्यापासून पत्र्यापर्यंत आणि बंपरपासून शिडीपर्यंत अशी तीन उत्तरे फळ्यावर लिहिली, की हा विषय मुलांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पंचायतींच्या सदस्यांनी आणि अधिकाऱ्यांनीही लांबीचा कोणताही आकडा आराखड्यात उतरवून घेण्यापूर्वी त्याची दोन टोके लिहून मागावीत. तसे झाले तर भाविक आणि पर्यटक यांच्यासाठी राखलेली जमीन खऱ्या अर्थाने त्यांच्या उपयोगी पडेल आणि गावाचा पैसा दुरुस्तीत खर्च न होता सोयीसुविधांवर खर्च होईल.